मेण, गालिचा, इस्त्री आणि टीपकागद

गालिच्यावर मेणबत्तीचं मेण सांडलं तर काय करायचं, हे ज्यांच्या घरी गालिचा नाही त्यांनाही माहीत असतं. डागावर टीपकागद ठेवायचा, वरून गरम इस्त्री फिरवायची, मेण कागदात उतरतं. हा उपाय आधी मासिकांच्या चौकटीत यायचा, मग फॉरवर्ड केलेल्या इमेलमध्ये यायला लागला, आता व्हॉट्सॅपवर येतो. वाक्य जवळजवळ तेच.

मला या वाक्यात रस वाटतो तो धंद्यामुळे. आमच्याकडे एखादा जुना कोड वीस वर्षं बिनतक्रार चालतो, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. मग एक दिवस खालचं मशीन बदलतं आणि तोच कोड तोंडावर पडतो. अशा वेळी पहिला प्रश्न विचारायचा असतो तो हा, की लिहिणाऱ्याने लिहिताना काय गृहीत धरलं होतं? वरच्या उपायात चार नामं आहेत: मेण, गालिचा, इस्त्री आणि टीपकागद. गेल्या दोनशे वर्षांत चारही बदलली. वाक्य तेवढं जसंच्या तसं राहिलं.

तर आधी मेण. मराठीत मेण म्हणजे मुळात मधमाशांचं. ते साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, महाग असतं, आणि युरोपातही ते चर्च आणि राजवाडे यांच्यापुरतंच असायचं. बाकीची जनता जनावरांच्या चरबीची बत्ती जाळायची. चरबीची बत्ती म्हणजे धूर, वास, आणि सांडली तर तेलकट डाग. हा डाग खरवडून निघत नाही, कारण चरबी पूर्ण घट्ट होतच नाही. आपल्याकडे समई आणि पणती होती, त्यामुळे चरबीची बत्ती कुणा मराठी घरात देवघराच्या आसपासही फिरकली नसती हे उघड आहे.

या चरबीला शिस्त लावली मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. चरबी हा एकच पदार्थ नसून तिच्यात वेगवेगळी आम्लं ग्लिसरिनला बांधलेली असतात, हे त्याने दाखवलं. १८२३ साली त्याचा या विषयावरचा ग्रंथ आला आणि १८२५ मध्ये गे-ल्युसॅकबरोबर त्याने मेणबत्तीचं पेटंट घेतलं. चरबीतला पातळ भाग काढून टाकायचा आणि घट्ट, पांढरं, ६९ अंशांच्या आसपास वितळणारं स्टिअरिक आम्ल तेवढं ठेवायचं. त्यातून जी मेणबत्ती झाली ती हाताला चिकट लागत नव्हती.

गंमत पुढे आहे. हाच शेव्हरल १८२४ पासून पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगकामाचा प्रमुख होता. गोब्लँ म्हणजे राजघराण्यासाठी भिंतीवरची चित्रवस्त्रं विणणारी जागा, आणि त्याच काळात सावोनरीचा गालिच्यांचा कारखानाही तिच्यातच विलीन झाला. म्हणजे मेणबत्ती सुधारणारा आणि लोकरीच्या रंगांवर डोकं घालणारा माणूस एकच! तिथल्या रंगांच्या तक्रारी तपासता तपासता त्याने शेजारशेजारच्या रंगांचा एकमेकांवर होणारा परिणाम शोधला, त्यावर १८३९ मध्ये दुसरा मोठा ग्रंथ लिहिला, आणि १०२ वर्षं जगून १८८९ मध्ये गेला. (आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचं नाव आहे.) आमच्याकडे फ्रंटएंडवाला बॅकएंडच्या वाटेला जात नाही. असो.

फॅराडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. ती बऱ्याच जणांनी शाळेत नावापुरती ऐकलेली असतात. पहिल्याच व्याख्यानात तो या नव्या मेणबत्तीबद्दल अगदी घरगुती गोष्ट सांगतो: तिचे थेंब खाली पडले तर ते खरवडून त्यांची भुकटी करता येते, आणि बहुधा काही खराब होत नाही. डाग खरवडून निघतो ही तेव्हा व्याख्यानात सांगण्याजोगी बातमी होती. आपल्या उपायाची पहिली पायरी, आधी थंड करून खरवडा, ही इथून शक्य झाली.

थंड करण्यासाठी बर्फ चोळा असंही सांगतात. यावरून आठवलं. मुंबईत पहिला बर्फ आला १८३४ मध्ये, तोही अमेरिकेहून, जहाजात भुशात गुंडाळून. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्या सुमारास पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं आणि यजमानांसकट मंडळींना सर्दी झाली, अशी हकिकत सांगतात. इतक्या लांबून आलेला बर्फ त्या काळी कोणी गालिच्यावर चोळला असता असं वाटत नाही. म्हणजे ही पायरी फ्रीजच्या पिढीची.

स्टिअरिननंतर आलं पॅराफिन, आणि आज आपण ज्याला मेण म्हणतो ते बहुतेक हेच. १८३० मध्ये रायशेनबाखने ते लाकडाच्या डांबरातून वेगळं काढलं, १८५० मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स यंगने कोळशापासून ते काढण्याचं पेटंट घेतलं. आपल्या बाजूचा धागा मात्र ब्रह्मदेशाचा. येनानजाउंगला लोक हाताने विहिरी खणून जमिनीतलं तेल काढत. ते रंगूनमार्गे लंडनला जायचं, आणि वॉरन द ला रू याच्या १८५४ च्या पेटंटनुसार प्राइसेस या कंपनीत त्यापासून मेणबत्त्या व्हायच्या. पुढे आसामात दिग्बोईची रिफायनरी १९०१ मध्ये सुरू झाली आणि तिचं मेण नावाजलं. पॅराफिन म्हणजे पेट्रोल-डिझेलचा थोरला भाऊ, लांबलचक कार्बनच्या साखळ्या. मेणबत्तीचं पॅराफिन पन्नास ते पासष्टच्या दरम्यान कुठेतरी वितळतं. चहा यापेक्षा गरम असतो.

मेणबत्ती स्वस्त झाली, पण मुंबईच्या उपनगरांत ती टिकून का राहिली? याचं उत्तर विजेच्या नकाशात आहे, आणि तो नकाशा मजेशीर आहे. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे आपली बीएसईएस, १९२९ साली स्थापन झाली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर ही तिची गिऱ्हाइकं. २००३ मध्ये ती रिलायन्सकडे गेली, २०१८ मध्ये अदानींकडे. मुलुंड आणि भांडुप मात्र महापालिका मुंबईची, लोकल मुंबईची, पिनकोड मुंबईचा, आणि वीज राज्य वीज मंडळाची. २००५ मध्ये मंडळाचे तुकडे झाल्यावर ती महावितरणची झाली, आजही आहे.

याचा अर्थ २००० च्या दशकात ज्याला कळायचा होता त्याला चांगलाच कळला. राज्यभर भारनियमन होतं. मुंबई त्यातून सुटलेली होती, पण मुलुंड सुटलेलं नव्हतं. बोरिवलीच्या मावशीकडे फोन केला की मागे मालिकेचं टायटल साँग ऐकू यायचं, आणि आम्ही इकडे बशीत मेणबत्ती चिकटवून बसलेलो. मावशी म्हणायची, "अगंबाई, तुमच्याकडे अजून जातात का दिवे?" यातला 'तुमच्याकडे' आईला फार लागायचा. बाकी २६ जुलै २००५ च्या पुरानंतर उपनगरांत जागोजागी वीज तोडावी लागली आणि १२ ऑक्टोबर २०२० ला तर ग्रिड पडून मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळंच एकदम गेलं. तेवढ्यापुरती समानता आली. पण मेणबत्तीची रोजची ओळख असलेली शेवटची पिढी मुंबईत शोधायची तर मुलुंड-भांडुपला या.

आता गालिचा. मराठी घराला खरं तर गालिचा नाहीच. आपल्याकडे सतरंजी, जाजम, घोंगडी. बैठकीला गाद्या, लोड, तक्के आणि वर धुवट चादर. सगळं उचलून झटकता येणारं. मुंबईच्या दमट हवेत पावसाळ्यात गालिच्याला जो वास येतो तो ज्याने घेतलाय त्याला यामागचं शहाणपण पटेल. तरी काही मराठी घरांत गालिचे आले, आणि त्यांतले काही आले एका अनपेक्षित पत्त्यावरून: येरवड्याच्या तुरुंगातून.

येरवड्याचा कारागृह १८७१ चा. इंग्रजांनी कैद्यांकडून काम करून घ्यायचं म्हणून देशभरच्या तुरुंगांत गालिचे विणायला लावले. विंडसरच्या राजवाड्यात वॉटर्लू चेंबरमध्ये जो प्रचंड गालिचा आहे तो आग्र्याच्या तुरुंगात व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला. येरवड्याने नक्षी घेतली विजापूरची. तिथल्या असर महालात आदिलशाही काळापासूनचे जुने गालिचे होते, त्यांच्यावरून नमुने उतरवले गेले. मुंबई इलाख्यातल्या गालिच्यांवर १९०७ मध्ये ट्विग नावाच्या अधिकाऱ्याने सरकारी पुस्तिकाच लिहिली आहे.

यावर सगळे खूश होते असं नाही. जॉर्ज बर्डवुड, ज्यांचा आपल्या राणीच्या बागेतल्या म्युझियमच्या उभारणीत मोठा हात होता, त्यांनी १८८० च्या आपल्या हिंदी कलांवरच्या ग्रंथात तुरुंगातल्या गालिच्यांवर कडक टीका केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. तुरुंगाला मजुरी द्यावी लागत नाही, म्हणून त्याचा माल स्वस्त पडतो, आणि बाहेर पिढ्यान् पिढ्या विणणारा विणकर बसतो. वर नवे रासायनिक रंग आल्यामुळे रंगही बिघडले. मला बर्डवुड पटतात. पण गालिच्याकडे बघताना ते विसरायला होतं हेही खरं, कारण विणकाम सुंदर असतं आणि विणणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

असा एक गालिचा आमच्या मजल्यावर होता. शेजारच्या आजींचे वडील तुरुंग खात्यात कारकून होते आणि त्यांच्या निवृत्तीच्या वेळचा हा गालिचा, येरवड्याचाच, असं त्या सांगायच्या. लोकरीचा, गडद लाल, कडेला दुधी पट्टा. वर्षभर गुंडाळून कडुनिंबाच्या पाल्यासकट कपाटावर, आणि दिवाळीचे चार दिवस हॉलमध्ये. त्या घरात वडिलांची दुसरी कुठलीच वस्तू उरलेली नव्हती, फोटोसुद्धा एकच. आणि एका दिवाळीत, ऐन भाऊबीजेला, दिवे गेले. कुणाच्या तरी पायाने लाल रंगाची जाडजूड मेणबत्ती त्या दुधी पट्ट्यावर आडवी झाली.

पुढचा अर्धा तास मी दारात उभा राहून पाहिला. मुलाने ताबडतोब वर्तमानपत्राची पानं आणली आणि वीज येताच इस्त्रीचं बटण कॉटनवर फिरवलं. सून म्हणाली, रॉकेल लावू. आजी गालिच्यावर हात ठेवून बसल्या. म्हणाल्या, "कुणी हात लावायचा नाही. सकाळी बघू." घरात सगळे चिडले, कारण डाग जुना झाला की पक्का होतो असं सगळ्यांच्या डोक्यात होतं. चहाच्या, हळदीच्या, रक्ताच्या डागांना ते लागू आहे. मेणाला नाही. मेण गार झालं की ते रेशाशी काही रासायनिक व्यवहार करत नाही, नुसतं धरून बसतं. खोबरेल तेल जानेवारीत बाटलीत थिजतं तसंच. आजींना हे कोणत्या शाळेत कळलं होतं कोण जाणे, पण थांबण्यात नुकसान नव्हतं आणि घाईत होतं.

सकाळी त्यांनी आधी बर्फाची पिशवी ठेवून मेण कडक केलं आणि स्टीलच्या चमच्याच्या कडेने, लोकरीच्या लवेच्या दिशेने, त्याचे तुकडे उडवले. निम्म्याहून जास्त मेण इथेच गेलं. मग जुन्या धोतराचे पांढरे तुकडे, घडी घालून, डागावर. इस्त्री सगळ्यात कमीवर, आणि फिरवायची नाही, टेकवायची आणि उचलायची. प्रत्येक वेळी धोतराचा कोरा भाग. इस्त्रीने मेण फक्त पातळ होतं, त्याला वर ओढायचं काम धोतर करतं. समईत वात तेल वर ओढते तेच हे. वातीला कोणी दाबत नाही. इस्त्री जोरात दाबून फिरवली तर पातळ मेण बाजूला पसरतं आणि खाली बुडापर्यंत जातं. धोतराचा तुकडा भरला की तो आणखी काही शोषत नाही, म्हणून बदलत राहायचं.

वर्तमानपत्राला त्यांनी नाही म्हटलं तेही बरोबर. छापील शाई तेलकट असते, ती पूर्ण वाळत नाही, सकाळचा पेपर वाचून बोटं काळी होतात ती यामुळेच. उष्णता आणि वितळलेलं पॅराफिन मिळालं की ती खाली उतरते. दुधी पट्ट्यावर दिवाळी सेलची अर्धी जाहिरात उमटली असती. आणि रॉकेल? पॅराफिन रॉकेलमध्ये विरघळतं हे खरं आहे, दोघं एकाच कुळातले. पण ज्या जागेवर रॉकेल लावलंय तिथे गरम इस्त्री टेकवायची कल्पना करा. सुनेचा मुद्दा रसायनशास्त्रात पास आणि अग्निशमनात नापास.

मेण गेलं. लाल रंग पूर्ण गेला नाही. रंगीत मेणबत्तीतला रंग तेलात विरघळणारा असतो, मेण पातळ झालं की तोही प्रवासाला निघतो, आणि लोकर तर रंग धरून ठेवण्यासाठीच जन्मलेली. रुपयाएवढा गुलाबी डाग राहिला. इस्त्री आदल्या रात्रीच्या तापमानावर चालली असती तर तो बशीएवढा झाला असता आणि मधे लोकर करपली असती. आजींनी गालिचा अर्धा वळसा फिरवून ती कड दिवाणाखाली घेतली. नंतर कितीतरी दिवाळ्या तो तसाच अंथरलेला मी पाहिला.

इस्त्री आणि टीपकागद यांच्याबद्दल थोडक्यात. इस्त्री हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असं मानतात. कोळशाच्या इस्त्रीला आकडे नसतात. धोबी पाण्याचे थेंब उडवून 'चर्र' कसं येतं त्यावर ठरवायचा. त्यामुळे जुन्या उपायात 'गरम इस्त्री' एवढंच असतं. आजच्या इस्त्रीवर ठिपके असतात: एक म्हणजे जास्तीत जास्त ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. मेणाला साठ-पासष्ट पुरतात, म्हणजे एक ठिपकाही चैन आहे. आणि टीपकागद बॉलपेनने संपवला. शाईच्या पेनाच्या काळात तो प्रत्येक टेबलावर असायचा, गुलाबी नाहीतर पांढरा, खास शोषण्यासाठीच केलेला, शाई नसलेला. तो गेल्यावर लोकांनी 'कागद' एवढंच लक्षात ठेवलं आणि हाताशी असलेला कागद घेतला, म्हणजे वर्तमानपत्र. जुनं धोतर किंवा पांढरा टिश्यू त्यापेक्षा टीपकागदाच्या जवळचा आहे.

पण सगळ्यात मोठा बदल झाला तो गालिच्यात, आणि तो कुणाच्या लक्षातच आला नाही. 'गरम इस्त्री' लिहिणाऱ्यासमोर लोकर होती, फार तर कापूस. लोकर वितळत नाही. जास्तीत जास्त करपते, आणि करपायच्या आधी वास देऊन सांगते. आज अंधेरी-पवईच्या वन बीएचकेत सोफ्यापुढे जो रग असतो तो बहुधा पॉलिप्रॉपिलिनचा. पॅराफिनसारखाच तोही तेलशुद्धीच्या धंद्यातून येतो, आणि साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतो. त्याच्या बऱ्याच आधी तो मऊ पडून चपटा होतो. इस्त्रीच्या तीन ठिपक्यांचा हिशेब वर दिलाच आहे.

आपल्या रगाचा धागा कसला ते मागच्या लेबलवर असतं. लेबल कापून टाकलं असेल तर कडेचा एक सुटा धागा चिमट्यात धरून, सिंकवर, काडेपेटीने जाळून बघा. केस जळल्याचा वास आणि बोटात चुरडणारी राख आली तर लोकर. कागद जळल्यासारखा वास आला तर कापूस किंवा ताग. वितळून टणक मणी झाला तर प्लास्टिक, मग इस्त्री कपाटात ठेवा. बर्फ, चमचा, आणि उरलेल्यावर गरम पाण्याची पिशवी फडक्याआडून. मेण साठाला वितळतं, गिझरचं पाणी तिथवर येतं.

माझा एक टीममेट अंधेरीला राहतो. बायकोच्या वाढदिवसाला सुगंधी मेणबत्त्या लावल्या होत्या, एक कलंडली, आणि त्याने फोनवर मिळालेला उपाय प्रामाणिकपणे केला. मेण खरोखर निघालं. त्या जागी इस्त्रीच्या आकाराचा, टोकासकट, चकचकीत पट्टा राहिला. रग स्वस्तातला नव्हता, लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेली ती पहिली वस्तू होती. घाटकोपरला गालिच्यांचं रफू करणारे एक चाचा आहेत असं कुणीतरी सांगितलं म्हणून तो गुंडाळी खांद्यावर घेऊन मेट्रोने तिकडे गेला. चाचांनी रग उघडला, उलटा केला, मागच्या गोंदावरून अंगठा फिरवला. म्हणाले, लोकरीचा असता तर जळलेल्या गाठी काढून नव्या बांधल्या असत्या, दोन दिवसांचं काम. "इसमें तो गाँठ ही नहीं है बेटा, मैं बाँधूँ क्या?"